सेठ, पाणी आणि टेकू

१९८० सालच्या उन्हाळ्यात आमचे थोरले मामा महिनाभराच्या रजेवर बेळगावला आले होते. चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत ते मायनिंग सरदार होते. सरदार म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या पोरांच्या डोळ्यांसमोर तलवार यायची. प्रत्यक्षात सरदार म्हणजे खाणीतल्या एका भागाची पाळीभर जबाबदारी घेणारा माणूस. एका हातात काठी, कमरेला दिव्याची बॅटरी आणि खिशात खडूचा तुकडा. त्याच सुमारास कॅम्पातल्या एका टॉकीजला 'काला पत्थर' लागला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि अमिताभचा भक्त होतो. खाणीचा सिनेमा आहे, तुमचाच आहे, असे म्हणून मी मामांना जवळजवळ ओढतच नेले.

सिनेमाभर मामा काही बोलले नाहीत. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खाणीच्या आतला प्रसंग सुरू झाला, की सारे थिएटर अमिताभकडे नाही तर शत्रुघ्नकडे बघायचे आणि मामा पडद्याच्या वरच्या कडेकडे बघायचे. एकदा हळूच म्हणाले, "ह्यांचे टेकू कुठं आहेत रे?" मी त्यांना गप्प केले. बाहेर पडल्यावर चहाच्या हॉटेलात बसलो, तेव्हा म्हणाले, "पाणी बरोबर दाखवलंय बघ. तो सेठ मात्र..."

"का? सेठ तसे नसतात?"

"असतात की. मी सेठच्या हाताखालीच कामाला लागलो. पण सेठ जाऊन सात वर्षं झाली. चाल पडायची थांबली काय?"

खाणीतली हिंदी बोली छताला 'चाल' म्हणते. 'चाल गिरी' या दोन शब्दांत कोळशाच्या मुलखात एखाद्या घरचे सारे संपते. मामांचे ते वाक्य मला त्या वेळी नीटसे कळले नाही. पुढे खाणीवरचे जे काही सिनेमे पाहिले, जी काही पुस्तके वाचली, ती सगळी मात्र त्या एका वाक्यावर घासून पाहण्याची खोड मला लागली. हा लेख त्या खोडीचाच आहे.

प्रथम 'काला पत्थर'विषयी. हा चित्रपट वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शन यश चोप्रांचे आणि लेखन सलीम-जावेदचे. जहाज आणि उतारू सोडून पळालेला, त्या शरमेने खाणीत येऊन स्वतःला गाडून घेणारा कप्तान हे पात्र जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम'वरून सुचलेले दिसते. पण त्याला कोळशाच्या खाणीत आणून उभे करणे ही या लेखकद्वयाची खरी प्रतिभा. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला मरण जिथे रोजचे आहे अशाच जागी नोकरी द्यायची, ही कल्पना आजही जुनी वाटत नाही. अमिताभचे ते न बोलणे, न झोपणे, दुसऱ्याला ओढून काढताना स्वतःच्या जिवाकडे न बघणे यात खोटे काही नाही. नट होण्यापूर्वी कलकत्त्याला नोकरीत असताना त्याचा कोळशाच्या धंद्याशी जवळून संबंध आला होता. त्याच्या खांद्याच्या ठेवणीत तो कुठेतरी उतरला असावा, असे मला उगाच वाटते.

पण अपघात कसा होतो, हा प्रश्न आला की चित्रपट सोपी वाट धरतो. प्रेम चोप्रांचा धनराज सेठ. इंजिनियर सांगतो की पलीकडे पाणी आहे, पुढे खणू नका. सेठ ऐकत नाही, कारण तिथे कोळसा भरपूर आहे. मग पाणी येते. कारण एक, माणूस एक आणि त्याचा चेहराही ओळखीचा. तो पडद्यावर आला की आपण तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे त्याचा द्वेष करतो.

ज्या दुर्घटनेवरून हा चित्रपट सुचला, ती चासनालाची. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेले पाणी मधली भिंत फोडून खालच्या कामात घुसले आणि ३७५ माणसे मेली. तेव्हा तो भाग बिहारात होता, आता झारखंडात आहे. आत गेलेले पाणी उपसून प्रेते हाती लागेपर्यंत आठवडेच्या आठवडे गेले. देशात आणीबाणी होती. आता यातली चित्रपटाने गाळलेली गोष्ट बघा. ही खाण एका लोखंड-पोलाद कंपनीची होती आणि त्या कंपनीचा कारभार केंद्र सरकारने १९७२ सालीच आपल्या हाती घेतला होता. इतर कोळसा खाणींचेही राष्ट्रीयीकरण १९७२ आणि १९७३ साली होऊन गेले होते. म्हणजे १९७५ च्या त्या दुपारी चासनालात धनराज सेठ नव्हता. होते ते नकाशे, परवानग्या, सह्या, उत्पादनाचे आकडे आणि खुर्च्यांवर बसलेली पगारदार माणसे.

१९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या साठ मीटरच्या आत, खाण सुरक्षा खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खणायला मनाई होती. तसे खणायचेच झाले तर आधी पुढे भोके पाडून पाण्याचा अंदाज घ्यायचा. हा नियम सेठ लोकांसाठी होता आणि सेठ गेल्यावरही होता. अशा नियमाचा सारा भार एका गोष्टीवर असतो. जुने काम नेमके कुठवर गेले आहे हे कागदावर खरे असले पाहिजे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी किती खणले आणि किती नोंदवले, यावर आज खाली उतरणाऱ्याचा जीव लटकत असतो. यात नाट्य नाही असे सलीम-जावेदना वाटले असेल. मला तर यातच सगळे नाट्य दिसते. पण त्याला खलनायक लागत नाही आणि शेवटी मारामारीही करता येत नाही.

सेठ काढून सरकार घाला म्हणजे चित्रपट खरा झाला असता, असे मी म्हणत नाही. तेव्हा तसा चित्रपट निघालाच नसता हेही उघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. खलनायकाने आपली, म्हणजे प्रेक्षकांची, सुटका होते. अपघाताला एक काळे मन जबाबदार ठरले, की बाकीच्या सगळ्या पांढऱ्या मनांची चौकशी करायचे कारण उरत नाही.

मामांची गोष्ट मला पंधरा वर्षांनी कळली. १९९५ च्या सप्टेंबर अखेरीस झरिया भागात गजलीटांडच्या खाणीत नदीचे पाणी शिरून ६४ कामगार गेले, ती बातमी पेपरात होती. मामा तोवर निवृत्त होऊन शहापुरात राहायला आले होते. पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला आणि आपण होऊन बोलायला लागले. अशा वेळी मध्ये बोलू नये, एवढी अक्कल मला तोवर आली होती.

सरदाराचे पहिले काम म्हणजे माणसे कामाला लागण्यापूर्वी छत तपासणे. काठीने ठोकायचे. खणखणीत आवाज आला तर छत पक्के. भद्द आवाज आला तर वर फट पडली आहे, थर सुटला आहे. मग सैल झालेला भाग पाडून घ्यायचा किंवा टेकू द्यायचे. तपासून झाले की खडूने तारीख आणि आपली सही तिथे टाकायची, वर येऊन वहीत लिहायचे. हे सगळे नियमात आहे. नियमात नाही ते असे, की लोडरला मजुरी भरलेल्या टबांवर मिळते. टेकू लागेपर्यंत टब रिकामा उभा. टबच मुळात कमी, आज नंबर गेला तर गेला. म्हणून लोडरच घाई करतो. छत ज्याच्या डोक्यावर पडायचे तोच म्हणतो, "सरदारजी, ठीक है, लगाने दो." वर ओव्हरमनला आकडा द्यायचा असतो, त्याच्यावर मॅनेजरला, मॅनेजरला आणखी वर. खाली उतरावे तसे प्रत्येक जण थोडी थोडी घाई पुढे ढकलत असतो.

एके दिवशी मामांनी ठोकले. आवाज त्यांना खणखणीत वाटला. निदान तसे ते म्हणाले, मग थांबले आणि म्हणाले, "वाटला असंल. हॉलेजचा आवाज चालू होता." सही टाकली. दोन तासांनी चाल पडली. बिलासपूरकडचा एक लोडर खाली सापडला. त्याला काढताना जो दगड बाजूला केला त्यावर मामांची खडूची सही होती, त्या दिवसाची तारीख घालून.

चौकशी झाली. वहीत 'छत ठीक' असे लिहिलेले होते. ठपका कुणावर आला नाही, की मामांवर थोडा आला, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. फक्त म्हणाले, "तू मला त्या सिनेमाला घेऊन गेलास तवा ही गोष्ट होऊन तीन वर्षं झाली होती. मी बघत बसलो, त्यो सेठ कवा येतोय आमच्यात. आमच्यात त्या दिवशी सेठ कोण होता सांग. मीच की."

मामा म्हणाले तसे ते खरेच दोषी होते, असे मला वाटत नाही. पण अशी दोन वाक्ये बोलणारे पात्र मला खाणीवरच्या एकाही हिंदी चित्रपटात भेटलेले नाही, हे समीक्षक म्हणून नोंदवले पाहिजे. भारतातल्या भूमिगत खाणींत वर्षानुवर्षे सर्वांत जास्त माणसे मारली ती छताने. पाण्याने नव्हे, स्फोटाने नव्हे. छत एका वेळी एक माणूस घेते, फार तर दोन. त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची येते. चित्रपटाला तीनशे माणसे एकदम मरायला लागतात.

आपल्या सीमाभागात घरोघर कन्नड सिनेमाही पाहिला जातो, म्हणून एक दाखला त्या बाजूचाही घेतो. २०१८ च्या अखेरीस 'केजीएफ' आला तेव्हा माझ्या मुलीच्या वयाच्या सगळ्या पोरांनी तो दोन-तीनदा पाहिला. ती अद्भुतकथा आहे, तिच्याकडून इतिहासाची अपेक्षा करू नये हे मला मान्य. पण नाव कोलारचे घेतले आहे म्हणून बोलतो. त्या पडद्यावरच्या खाणीत माणसे मरतात ती पहारेकऱ्याच्या बंदुकीने आणि चाबकाने. खऱ्या कोलारात माणसाला भिववणारी गोष्ट वेगळी होती. तिथल्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. एवढ्या खोलीवर दगड दाबाखाली असतो, आणि बाजूचे खणून काढले की कधी कधी आपोआप फुटतो. सुरुंग नाही, कुणाचा हात लागलेला नाही, नुसता दगड बंदुकीसारखा उडतो. त्याचे धक्के वर गावात घरांना जाणवत. दुसरी गोष्ट धूळ. गारगोटीची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि माणूस निवृत्तीनंतर सावकाश, घरी, खाटेवर मरतो. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या, तरी ज्यांच्या छातीत ती धूळ होती त्यांची ती बंद झाली नाही. चाबूक दाखवणे सोपे आहे. चाबूक काढून घेतला की गुलाम सुटतो, असे प्रेक्षकाला वाटते. दगडाला आणि धुळीला कोण सोडवणार?

याच्या उलट टोकाला २०२३ सालचा 'मिशन रानीगंज'. इथे सेठही नाही, चाबूकही नाही. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी पश्चिम बंगालमधल्या महाबीर खाणीत पाणी शिरले. सहा जण बुडाले आणि ६५ जण आत अडकले. जसवंतसिंग गिल या खाण अभियंत्याने वरून भोक पाडून, त्यातून जेमतेम एक माणूस मावेल असा पोलादी पिंजरा सोडून, स्वतः त्यात बसून खाली जाऊन त्या ६५ जणांना एकेक करून वर पाठवले. याहून मोठे धैर्य कल्पनेत आणता येणार नाही. गिल २०१९ साली वारले. त्यांच्यावर चित्रपट निघाला हे उत्तमच झाले.

तरी चित्रपट संपल्यावर माझ्या हाती काय उरले ते सांगतो. एकेक माणूस वर येताना मी टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले. घरी आल्यावर आठवले, की पाणी का आले हा प्रश्न दीड-दोन तासांत माझ्या मनातून पार पुसला गेला होता. सुटकेच्या कथेचा हा दोषच म्हणावा लागेल. ती सुरू होते तेव्हा अपघात होऊन गेलेला असतो. पाऊस पडावा तसा तो पडलेला असतो, आणि पावसाची कोणी चौकशी करत नाही. त्या सहा जणांचे काय, हे विचारायला कथेला सवड नसते. पुढच्याच महिन्यात उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले आणि शेवटचे काही मीटर हाताने खणून त्यांना बाहेर काढले ते 'रॅट होल' पद्धतीने खणणाऱ्या मजुरांनी. सारा देश त्यांच्या पाया पडला. त्या नावाच्या खाणकामावर मेघालयात २०१४ सालीच बंदी आली होती आणि २०१८ च्या डिसेंबरात क्सान इथे अशाच एका खाणीत पाणी शिरून १५ जण अडकले ते जिवंत वर आले नाहीत. एकच कसब. एकीकडे त्याचा चित्रपट होतो आणि दुसरीकडे दोन दिवसांची बातमीही धड होत नाही. असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

मामांचे वाक्य ज्याच्यावर घासले असता पुरे उतरले असे एकच पुस्तक मला भेटले, आणि ते १८८५ सालचे आहे. एमिल झोलाची 'जर्मिनाल' ही फ्रेंच कादंबरी. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली. संप, उपासमार, सैन्याचा गोळीबार, शेवटी पाण्याने भरलेली खाण, सगळे त्यात आहे, आणि बहुतेकांच्या लक्षात तेच राहते. ते पाणीसुद्धा एका माणसाच्या घातपाताने येते. तिथे झोलालाही मोठ्या घटनेचा आणि चेहरा असलेल्या गुन्हेगाराचा मोह आवरला नाही, असे माझे मत आहे. टीकाकार मला हसतील, हसोत.

पण कादंबरीची कळ तिथे नाही. ती पहिल्या काही प्रकरणांतच आहे. मजूर टेकू नीट लावत नाहीत म्हणून इंजिनियर त्यांना रागावतो, दंड करतो. मजूर म्हणतात, आम्हाला पैसे गाडीभर कोळशाचे मिळतात, टेकू लावायचे कोण देतो? मग कंपनी उदार होते. टेकू लावण्याचे पैसे वेगळे देऊ म्हणते. आणि त्याच वेळी कोळशाच्या गाडीमागचा दर उतरवते. हिशेब केल्यावर मजुरांना कळते की आपण पूर्वीपेक्षा कमीच मिळवणार. संप यातून पेटतो. पुढे छत पडते, एक मजूर मरतो, एका पोराचे पाय मोडतात. कंपनी त्याच्या घरी पन्नास फ्रँक पाठवते आणि बरा झाल्यावर वर हलके काम देऊ म्हणते. झोला यावर भाष्य करत नाही. दर किती होता आणि किती झाला, एवढे मात्र तो बारकाईने देतो. मला हे लेखनाचे मोठेपण वाटते. छत कुठून पडायला सुरुवात होते ते त्याने शोधले आणि ते त्याला दरपत्रकात सापडले. त्याच्या कादंबरीत कंपनीचे मालक जवळजवळ दिसतच नाहीत. ते दूर कुठेतरी आहेत, मजुरांना त्यांची नावेही ठाऊक नाहीत. म्हणजे सेठ न दाखवता मालकी दाखवता येते.

मराठीत असे काही आहे का? वर्धा नदीच्या खोऱ्यात, बल्लारपूर-घुग्घुस-वणी पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या कोळसा निघतो. भंडारा-नागपूरकडे मँगनीज, गोव्यात लोखंड. गिरणी आणि गिरणगाव आपल्या कवितेत, नाटकात, कादंबरीत भरभरून आले. खाणीचे तेवढ्या ताकदीचे लेखन निदान माझ्या वाचनात आलेले नाही. कुणाच्या कपाटात असेल तर मला ते वाचायचे आहे.

'जर्मिनाल'मधला टेकूचा भाग मी मामांना वाचून दाखवला होता. म्हणजे इंग्रजी बघत बघत आमच्या घरच्या मराठीत सांगितला. गजलीटांडच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. मामांना तेव्हा ऐकायला कमी येत होते, म्हणून ओरडून सांगावे लागत होते. स्वयंपाकघरातून मामी दोनदा विचारून गेल्या, की भांडण काय चाललंय. गाडीचा दर उतरवला तिथपर्यंत आल्यावर मामांनी मला थांबवले.

"हा लेखक खाणीत उतरला होता काय?"

उतरला होता, मी म्हटले. १८८४ साली उत्तर फ्रान्समध्ये संप चालू असताना तो तिथल्या एका खाणीत प्रत्यक्ष उतरला होता.

"उतरला असणारच," मामा म्हणाले. मग जरा वेळाने विचारले, "आणि टेकूचे पैसे वेगळे मिळायला लागल्यावर टेकू नीट लावायला लागले काय ते?"

"नाही. काम बंद केलं त्यांनी."

"आणि छत?"

"पडलं."

"हां," म्हणाले. "वाच पुढं."